तारीखपट्टी

सार्वजनिक वाचनालयातलं जुनं पुस्तक हाती आलं की आधी शेवटचं पान उघडावं. तिथे एक कागदी पट्टी चिकटवलेली असते, बहुधा पिवळी पडलेली. वर वाचनालयाचं नाव, त्याखाली 'पुस्तक खालील तारखेस किंवा तत्पूर्वी परत करावे' ही ओळ, आणि मग जांभळ्या शाईतल्या तारखांच्या रांगा. ही तारीखपट्टी. काटोल, सावनेर, उमरेड, रामटेक, नरखेड, नागपूर जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जुन्या वाचनालयात शिरा आणि दहा पुस्तकांच्या पट्ट्या वाचा. त्या गावाने काय वाचलं, कधी वाचलं आणि वाचणं कधी मंदावलं, हे तिथे लिहिलेलं असतं. वार्षिक अहवालात पुस्तकांची एकूण संख्या असते. पुस्तकं हलतात की नुसती उभी आहेत, ते पट्टीच सांगते.

आपल्याकडच्या वाचनालयांचा इतिहास पुण्या-मुंबईच्या चालीने गेलेला नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. त्या काळी नागपुरात भोसल्यांचं राज्य होतं. ते १८५४ साली इंग्रजांनी खालसा केलं आणि १८६१ साली मध्य प्रांत करून नागपूर त्याची राजधानी केली. म्हणजे ज्या शाळा, कचेऱ्या आणि छापखान्यांतून वाचनालयं उगवतात, ते सगळंच इथे उशिरा आलं. पुढे गावात वाचनालय काढणारी माणसं म्हणजे वकील, शाळामास्तर, पोस्टमास्तर आणि मालगुजार, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा जमीनदार. मालगुजार हा शब्द पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला थोडा परका वाटेल. आपल्याकडे जमीनदारीची पद्धत मालगुजारीची होती, आणि वाड्यातली रस्त्याकडची एखादी खोली वर्तमानपत्रं ठेवायला मोकळी करून देण्याचं काम मालगुजारच करू शकत होता.

दुसरी खूण हिंदीच्या कपाटाची. मध्य प्रांतात मराठी आणि हिंदी शेजारी नांदल्या, म्हणून या भागातल्या जुन्या वाचनालयांत हिंदी पुस्तकांचं भरलेलं कपाट दिसतं. ते कपाट म्हणजे अडगळ समजून बाद करणाऱ्या कार्यकारिणीला आधी पट्ट्या दाखवाव्यात. गावातली हिंदी बोलणारी घरं पुष्कळदा त्या एकाच कपाटापायी सभासद झालेली असतात.

नावांवरूनही काळ कळतो. 'टिळक वाचनालय' असेल तर पाटी बहुधा १ ऑगस्ट १९२० नंतरची, म्हणजे टिळक गेल्यानंतरची. त्याच वर्षी डिसेंबरात नागपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं आणि गावोगाव सभा, वर्गण्या आणि वर्तमानपत्रं यांची लाट होती. गांधी आणि नेहरू या नावांची वाचनालयं त्यापुढची. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वस्त्यावस्त्यांतून बाबासाहेबांच्या नावाची वाचनालयं उभी राहिली, कितीतरी विहाराला लागून. त्यांचा ग्रंथसंग्रह लहान असतो पण तो झिजलेला असतो, आणि माझ्या लेखी ग्रंथसंग्रहाची याहून चांगली अवस्था नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे जे स्टॉल लागतात, तिथून वाचनालयाने वर्षाची खरेदी करणं हा नागपूरकरांना घराजवळ मिळणारा फायदा आहे. लहान प्रकाशकांची पुस्तकं दुकानात मागवावी लागतात, ती इथे उघडून, पानं मोजून, कागद चाचपून घेता येतात. तेवढं पक्कं बिल मात्र जागेवरच घ्यावं. वाचनालयाच्या नावाचं, तारखेचं, पुस्तकनिहाय किंमत लिहिलेलं. 'पुस्तके, एकूण रुपये अमुक' एवढ्या चिठ्ठीवर लेखापरीक्षक खर्च मान्य करत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता. मुंबई प्रांतात १९३९-४० मध्ये सरकारच्या फैजी समितीने ग्रंथालयांची प्रांतापासून गावापर्यंतची उतरंड आखली, ती त्या प्रांतापुरती होती. आपल्या भागातली वाचनालयं तोवर बरीचशी वर्गणी आणि देणगी यांवरच उभी होती. सगळ्यांना एक चौकट मिळाली ती महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ मुळे. या कायद्यात ग्रंथालय कर नाही, अनुदान आहे. वाचनालय खासगी न्यासाचं किंवा संस्थेचं राहतं, शासन त्याला मान्यता देतं, अ, ब, क, ड असा उतरता वर्ग देतं आणि वर्गाप्रमाणे पैसे देतं. त्यामुळे महाराष्ट्रात गावाचं वाचनालय गावातल्याच माणसांच्या हाती राहिलं, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. पण त्याचबरोबर गावातली माणसं थकली की वाचनालयही थकतं.

अनुदानाचा हिशेब मांडून पाहावा. २०२२ च्या निर्णयाने अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तेव्हा ड वर्गाचे वर्षाचे ३०,००० रुपये ४८,००० झाले. त्यातला निम्मा वाटा वेतनाचा धरला तर वर्षाला २४,०००, म्हणजे ग्रंथपालाला महिन्याला २,००० रुपये. उरलेल्या २४ हजारांत पाच वर्तमानपत्रं, वीज, स्टेशनरी, झाडलोट, बांधणी. हे सगळं वजा केल्यावर पुस्तकांना आठ-दहा हजार उरले तरी खूप. आज बरी कादंबरी तीनशे-चारशेच्या खाली नाही. म्हणजे वर्षाला पंचवीस-तीस पुस्तकं, महिन्याला दोन. त्यातही अनुदान हप्त्यांनी येतं आणि शेवटचा हप्ता आर्थिक वर्ष संपता संपता. मार्चच्या अखेरच्या आठवड्यात विक्रेत्याकडे जे असेल ते उचललं जातं आणि अशा पुस्तकांच्या पट्ट्या कोऱ्या राहतात. यावर उपाय म्हणजे मागणी वही. काउंटरवर दोरीने बांधलेली एक वही, सभासदाने हवं ते पुस्तक तिच्यात लिहायचं, आणि मार्चमध्ये पैसे आले की यादी तयार. दोन सभासदांनी मागितलेलं पुस्तक आधी घ्यायचं, एवढा एक नियम पाळला तरी खरेदीचा दर्जा सुधारतो.

महिन्याला दोन हजारांवर काम करणारी व्यक्ती, पुष्कळ ठिकाणी एखादी ताई, कुलूप उघडते, झाडते, वर्तमानपत्रं काठीला लावते, देवघेव करते, थकबाकीदारांना फोन करते, अहवाल भरते. दारात येऊन "ताई, नवीन काय आलं?" असं विचारणाऱ्या म्हाताऱ्याला त्याने आधी काय वाचलंय हे तिला ठाऊक असतं. २०१२ साली शासनाने वाचनालयांची पडताळणी केली, त्यानंतर बरीच वर्षं नव्या मान्यता आणि वर्गबदल थांबले होते. त्या काळात चांगली चालणारी ड वर्गाची वाचनालयं ड मध्येच अडकली, आणि ती ताईही.

कागदोपत्री कुठे बिघडतं ते जाणणाऱ्याला ठाऊक असतं. पहिली जागा दाखल नोंदवही. प्रत्येक पुस्तकाला एक दाखल क्रमांक, आणि तो पुस्तकासोबतच संपतो. हरवलेल्या पुस्तकाचा क्रमांक नव्याला देऊ नये. तसं केलं की दोन पुस्तकांचा इतिहास एका ओळीत मिसळतो आणि पडताळणीत काहीच जुळत नाही. देणगीत आलेल्या पुस्तकाची किंमत 'निरंक' लिहितात, मग ते हरवल्यावर भरपाई कशाची घेणार? छापील किंमत लिहावी, नसेल तर अंदाजे लिहून शेऱ्यात तसं नोंदवावं. दुसरी जागा अनामत. अनामत हे सभासदाचं आपल्याकडे असलेलं देणं आहे, उत्पन्न नव्हे. तिचं बँक खातं वेगळं हवं. ती रोजच्या खर्चात गेली की गाव सोडून जाणाऱ्या सभासदाला परत द्यायला पैसे नसतात, आणि तोही मग पुस्तक परत करत नाही. शिवाय कधीकाळी ठरवलेली पन्नास रुपयांची अनामत आणि चारशेचं पुस्तक ही जोडी पुस्तक गमावण्याचीच आहे. तिसरी जागा धर्मादाय कार्यालय. विश्वस्त बदलले, कुणी वारलं, तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहिला की निवडून आलेली कार्यकारिणी कागदावर अस्तित्वातच नसते, बँक सह्या बदलत नाही, आणि अनुदान खात्यात येऊनही काढता येत नाही.

दरवर्षी पुस्तकं मोजावीत. वीस हजारांपर्यंतच्या संग्रहाची पूर्ण पडताळणी दरवर्षी, असं केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम सांगतात, आणि वर्षभरात दिल्या-वाचलेल्या हजारांमागे पाच पुस्तकं गहाळ होणं वाजवी मानतात. हे नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहेत, पण हरवण्याच्या भीतीने कपाटांना कुलपं लावणाऱ्या सचिवांना ते जरूर वाचून दाखवावेत. कुलपातलं पुस्तक हरवत नाही हे खरं, पण ते कुणी वाचतही नाही.

आता हवा. नागपूरच्या हवेत पुस्तक सांभाळणं ही वेगळीच विद्या आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. जुलै-ऑगस्टात तीच ८० च्या वर चढते. कागदाला उष्णतेपेक्षा हा हेलकावा जास्त छळतो. कोरड्या दिवसांत तो आकसतो, पावसाळ्यात ओल पिऊन फुगतो, आणि दोन्हींच्या मध्ये पाठीवरचा गोंद तडकतो. आजची बहुतेक पुस्तकं शिलाईची नसून नुसत्या गोंदाच्या बांधणीची असतात. टिनाच्या छताखाली हा गोंद एका उन्हाळ्यात मऊ होतो, दोन उन्हाळ्यांत कडक, आणि तिसऱ्या वर्षी मधली पानं हातात येतात.

आणि कूलर. नागपुरात कूलरशिवाय वाचनकक्ष चालत नाही, तो लावावाच लागतो. पण कूलर म्हणजे खोलीत पाणी फेकणारं यंत्र. कूलरच्या गवती ताट्यांतून येणारा ओला झोत थेट कपाटांवर पडला आणि समोर हवा बाहेर जायला वाट नसली, तर भर मे महिन्यात पुस्तकांना बुरशी धरते. म्हणून कूलर वाचकांच्या बाजूच्या खिडकीत, समोरची खिडकी किंवा एक्झॉस्ट पंखा सताड चालू, आणि कपाटं त्या वाटेच्या बाहेर. रात्री बंद करताना आधी पाण्याची मोटर, पंधरा मिनिटांनी पंखा, म्हणजे ताट्या वाळतात आणि सकाळी कुबट वास येत नाही.

उधई, म्हणजे वाळवी, लागू नये म्हणून कपाट भिंतीपासून निदान सहा इंच पुढे. आपल्याकडच्या काळ्या मातीत पायाला भेगा जातात आणि उधई त्याच वाटेने भिंतीतून चढते. कपाट भिंतीला टेकलेलं असलं तर मातीची नळी दिसतच नाही, दिसतं ते पोखरलेलं पुस्तक. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाल्या उधया दिसल्या की त्या आठवड्यात खालचे कप्पे रिकामे करून बॅटरीने पाहावं. औषध जमिनीत आणि भिंतीच्या सांध्यात, पुस्तकांवर कधीच नाही. डांबराच्या गोळ्यांनी कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, जरा दूर राहते, तिची अंडी मरत नाहीत. बुरशी आलेलं पुस्तक ओल्या फडक्याने पुसू नये. सावलीत, वाऱ्यावर, पानं पंख्यासारखी उघडून उभं करावं, पूर्ण वाळल्यावर मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने झाडावं, नाकाला रुमाल बांधून. उन्हात घालण्याची सवय जुनी आहे, पण ऊन कागद पिवळा आणि ठिसूळ करतं.

बांधणीला पाठवतानाही विचार हवा. जुने बांधणीकार मैद्याच्या खळीत मोरचूद घालत, म्हणून त्या पुस्तकांना कीड कमी लागली. आता घाईत पाठ कापून, कडेने भोकं पाडून, दोऱ्याने आवळून देतात. आतला समास अर्ध्या इंचाहून कमी असला तर ओळींची सुरुवात त्या शिलाईत गडप होते आणि पुस्तक उघडून धरायला दोन्ही हात लागतात. बांधणीकाराला आधीच सांगावं की फर्मे, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, शाबूत असतील तर फर्म्यांतून शिवा, आणि शेवटचं पान फेकू नका. ते पान फेकलं की त्यासोबत तारीखपट्टीही जाते. बांधून आलेल्या कितीतरी पुस्तकांचा मागचा वीस वर्षांचा हिशेब असाच गेला आहे.

आज गावातल्या वाचनालयाचं दार सर्वात जास्त वेळा कोण उघडतं? स्पर्धा परीक्षेची मुलं. सकाळी सातला दप्तर, पाण्याची बाटली, झेरॉक्सचे गठ्ठे घेऊन येतात आणि रात्री दहाला निघतात. पुष्कळांच्या घरी दोन खोल्या आणि सहा माणसं. त्यांना तीन बाय दोन फुटांचं टेबल, पंखा, उजेड आणि शांतता हवी असते. अभ्यासिका हे वाचनालयाचं पतन आहे असं म्हणणारे ज्येष्ठ सभासद आहेत. मला ते पटत नाही. वाड्यातल्या खोलीत वर्तमानपत्र वाचायला येणारा १९२० चा तरुणही नोकरीच्या जाहिराती पाहतच असणार. पण अभ्यासिका चालवणं सोपं नाही. चाळीस मुलांचे चाळीस लॅपटॉप, प्रत्येकी ६५ वॉट धरले तर २,६०० वॉट. त्यावर पंखे, दिवे, दोन कूलर. वाचनालयाचा मंजूर भार एक किलोवॉट असेल आणि वायरिंग जुनं, तर बोर्ड काळे पडतात. कागदाच्या घरात ही गोष्ट चालवून घेता येत नाही. आधी भार वाढवून घ्यावा, चार्जिंगची ओळ वेगळ्या एमसीबीवर घ्यावी. बिलही तपासावं, वाचनालयाला व्यावसायिक दर लागलेला असतो आणि सार्वजनिक सेवा या वर्गवारीसाठी कुणी अर्जच केलेला नसतो. मुलींसाठी स्वच्छ, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह आणि दारापासून मुख्य रस्त्यापर्यंत दिवा, ही दोन कामं झाली नाहीत तर संध्याकाळी सहानंतर अभ्यासिकेत एकही मुलगी राहत नाही. टेबलं वाढवण्याआधी हे करावं.

खरी अडचण दुसरीच आहे. मुलं बारा तास बसतात आणि चार पावलांवरच्या कपाटाला हात लावत नाहीत. त्यांच्या वर्गणीत देवघेव नसते, दार वेगळं असतं, वेळ वेगळी असते. अभ्यासिकेचं कार्ड आणि देवघेवीचं कार्ड एकच करावं, एक पुस्तक घरी नेण्याचा हक्क त्यातच. अभ्यासिकेत जाण्याची वाट कपाटांमधून काढावी. आणि दाराशी एक उघडी मांडणी ठेवावी, 'आज परत आलेली पुस्तकं'. कपाटातली पाच हजार पुस्तकं पाहून गोंधळणारा वाचक कुणीतरी नुकतंच वाचून ठेवलेल्या वीसांतून एक सहज उचलतो. यात खर्च एका मांडणीचा आहे. स्पर्धा परीक्षेची जुनी वार्षिकं मात्र निर्दयपणे बाद करावीत. चार वर्षांपूर्वीची चालू घडामोडींची पुस्तिका मुलाचं नुकसानच करते.

संगणकाबद्दल थोडंच. 'ई-ग्रंथालय' किंवा 'कोहा' या वाचनालयाच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालींतलं काहीही चालेल. अडतं ते मराठीपाशी. जुन्या फाँटमध्ये, श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये, भरलेली यादी नव्या यंत्रावर अक्षरांचा चिखल होते, म्हणून पहिल्या नोंदीपासून युनिकोड. त्यातही 'अॅ', 'ऍ' आणि 'ॲ' उच्चाराला एकच, यंत्राला तीन वेगळे. एकाने एक वापरला, दुसऱ्याने दुसरा, की कपाटात असलेलं पुस्तक शोधात सापडत नाही. एक रूप ठरवून भिंतीवर लिहून ठेवावं. आणि संगणक आला म्हणून शिक्का थांबवू नये. हार्ड डिस्क गेली, बॅकअप नव्हता, आणि दहा वर्षांची देवघेव नाहीशी झाली, असं होतं. पट्टीला वीज लागत नाही.

गावाच्या वाचनालयात आणखी एक ठेवा असतो, जो दुसरीकडे मिळत नाही: शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, नगरपालिकेचे जुने अहवाल, बंद पडलेली स्थानिक साप्ताहिकं, दिवाळी अंकांचे बांधीव खंड. बाद पुस्तकांची यादी करताना हे सर्वात आधी रद्दीत जातं, कारण त्यांच्या पट्टीवर एकही तारीख नसते. इथे पट्टीचा कौल मानू नये. मोबाइलच्या स्टँडवर, दोन्ही बाजूंनी तिरपा उजेड देऊन, पानापानाची छायाचित्रं काढून ठेवावीत, फाइलला दाखल क्रमांकाचंच नाव द्यावं. ती सर्वांसाठी खुली करण्याआधी एवढं पाहावं की लेखकाच्या नावाचा मजकूर असेल तर लेखकाला जाऊन, आणि नगरपालिकेच्या अहवालासारखं काही असेल तर ते छापून, साठ वर्षं झाली आहेत का. तोवर स्वामित्वहक्क असतो.

पट्टी भरली की नवी लावायची. बहुतेक जण जुनी ओरबाडून काढतात, तिच्यासोबत पानाचा पापुद्राही जातो. तसं करू नये. नव्या पट्टीला फक्त वरच्या कडेला, अर्ध्या बोटाएवढी खळ लावायची आणि ती जुनीवर बसवायची. खालची कड मोकळी ठेवायची, म्हणजे नवी पट्टी उचलली की खालच्या तारखा दिसतात.